मोटर कधी सुरू व्हावी? लॉजिक गेट शिकवताना मी धरलेली वाट

लॉजिक गेट म्हणजे ० किंवा १ अशी इनपुटं घेऊन ० किंवा १ असं एकच आउटपुट देणारं छोटं सर्किट. त्याचं प्रकरण बहुतेक वर्गांत फळ्यावर सात चिन्हं काढून सुरू होतं. अँड, ऑर, नॉट, नँड, नॉर, एक्सऑर, एक्सनॉर. प्रत्येकाशेजारी ट्रुथ टेबल, म्हणजे कुठल्या इनपुटांना काय आउटपुट येतं याचा तक्ता. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत गुणही मिळवतात. पण त्याच मुलाला म्हणा, "तुझ्या घरच्या पाण्याच्या मोटरसाठी सर्किट काढून दे," की पेन जागच्या जागी थांबतं. त्याला चिन्हं माहीत असतात. ती कशासाठी आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांसाठी वर्ग घेते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: चिन्ह सगळ्यांत शेवटी. आधी साध्या मराठीतलं वाक्य, मग त्याचं टेबल, मग राशी (तेच वाक्य बीजगणिताच्या अक्षरांत), मग गेट आणि वायरी. ही चारही एकाच गोष्टीची रूपं आहेत. मुलाला कुठल्याही रूपावरून दुसऱ्या कुठल्याही रूपावर जाता आलं पाहिजे. आणि वाद झाला की निवाडा टेबलाने करायचा, शिक्षकाने नाही. ज्यांना घरी, शाळेत किंवा गल्लीतल्या चार मुलांना हे शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी ही वाट इथे मांडते.

सामान

फार लागत नाही. एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी भोकांत खोचून जोडायची पाटी), तीन पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर, थोडे एलईडी, ३३० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, काही पुश बटणं आणि छोटे स्लाइड स्विच, एक साधा मल्टिमीटर. आयसी, म्हणजे आत अनेक गेट असलेल्या छोट्या चिप, पाच घ्या: ७४एचसी०० (नँड), ७४एचसी०४ (नॉट), ७४एचसी०८ (अँड), ७४एचसी३२ (ऑर) आणि ७४एचसी८६ (एक्सऑर). पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं.

दुकानदार याच आयसींची दुसरी जात, 'एलएस', देऊ लागला तरी 'एचसी'च मागा. याला कारण आहे. एचसी जातीच्या आयसी २ ते ६ व्होल्टवर चालतात, म्हणजे तीन सेलचे साडेचार व्होल्ट पुरतात, पॉवर सप्लाय लागत नाही. दुसरं, इनपुट शून्यावर ठेवायला १० किलोओहमचा रेझिस्टर सेलच्या ऋण टोकाला जोडला की एचसीचं काम भागतं. एलएसच्या इनपुटमधून मात्र शून्य स्थितीत ०.४ मिलिअँपिअरपर्यंत करंट बाहेर येऊ शकतो. तो १० किलोओहममधून जाऊ लागला की तिथे शून्याच्या मर्यादेपेक्षा जास्त दाब उभा राहू शकतो आणि ज्याला आपण शून्य म्हणतोय ते आयसीला एक वाटू शकतं. नवशिक्या मुलाला पहिल्याच दिवशी हा घोळ नको.

पहिला तास: आयसीला हात नाही

सेल, ३३० ओहमचा रेझिस्टर, एलईडी आणि दोन बटणं एवढंच टेबलावर ठेवा. दोन्ही बटणं एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायला सांगा. वहीत चार ओळी आखून घ्या आणि प्रत्येक ओळीत बटणांची स्थिती आणि दिवा लागला की नाही, एवढंच लिहायला सांगा. दाबलं म्हणजे १, सोडलं म्हणजे ०. मग तीच बटणं पॅरललमध्ये, म्हणजे एकमेकांना समांतर जोडा आणि पुन्हा चार ओळी भरा. मुलांच्या हाताखाली दोन टेबलं तयार होतात, आणि तोवर 'गेट' हा शब्दही उच्चारलेला नसतो.

तिसरं सर्किट नॉटचं, आणि ते मुलांना सगळ्यांत आवडतं. सेल, रेझिस्टर, एलईडी सरळ जोडा. दिवा लागलेलाच राहतो. आता एक बटण एलईडीच्या दोन्ही पायांना समांतर लावा. बटण दाबलं की करंट सोप्या वाटेने बटणातून जातो आणि दिवा विझतो. दाबल्यावर विझणारा दिवा! इथे रेझिस्टर विसरू देऊ नका, नाहीतर बटण दाबताक्षणी सेल शॉर्ट होतील.

मग टेबलं समोर ठेवून सांगा: पहिलं अँड, दुसरं ऑर, तिसरं नॉट. ऑरच्या टेबलातली शेवटची ओळ बोटाने दाखवा. दोन्ही बटणं दाबली तरी दिवा लागतोच. कुणी "पण एकच निवडायचं ना?" असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, बटणं दाबून बघायला सांगायचं.

इतिहास सांगायची जागा इथेच आहे, कारण मुलांच्या हातात स्विच असतात. जॉर्ज बूल हा इंग्लंडमधल्या लिंकनच्या एका चांभाराचा मुलगा. बहुतेक शिक्षण त्याने स्वतःचं स्वतः केलं आणि पुढे आयर्लंडमध्ये कॉर्कच्या कॉलेजात तो गणिताचा प्राध्यापक झाला. १८४७ आणि १८५४ साली त्याने दोन पुस्तकं लिहून विचारांच्या नियमांना बीजगणिताचं रूप दिलं. विजेच्या स्विचशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याला खऱ्या-खोट्या विधानांचं गणित करायचं होतं. १९३७ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅननने आपल्या एम.एस.च्या प्रबंधात दाखवलं की रिले (विजेने उघड-मीट होणारे स्विच) आणि साध्या स्विचच्या जोडण्या याच बीजगणिताने लिहिता येतात आणि सोप्याही करता येतात. मुलांनी आत्ता सिरीज आणि पॅरलल जोडून जी टेबलं भरली, नेमकी तीच जोडणी.

१ म्हणजे काय, ते आधी लिहा

शॅननच्या त्या प्रबंधातली एक गोष्ट मी आवर्जून सांगते. त्याने बंद स्विचला, म्हणजे ज्यातून वीज जाते त्याला, ० म्हटलं होतं आणि उघड्याला १. आपल्या नेमकं उलट. त्यामुळे त्याच्याकडे सिरीज जोडणी बेरीज झाली. तरी त्याचं गणित बिनचूक होतं, कारण त्याने आधी ठरवलं होतं आणि शेवटपर्यंत पाळलं होतं. म्हणून माझ्या वर्गात नियम असा: कुठलंही सर्किट काढायच्या आधी वहीच्या वरच्या भागात प्रत्येक अक्षरासमोर पूर्ण वाक्य लिहायचं. 'ट = टाकी' हे चालणार नाही. 'ट = १ म्हणजे वरची टाकी भरलेली आहे' हे चालेल. निम्म्या चुका या एका सवयीने टळतात.

आता मुख्य उदाहरण घेऊ. आमच्याकडे बहुतेक घरांत खाली हौद आणि गच्चीवर टाकी असते, मधे मोटर. मुलांना विचारा, मोटर कधी चालावी? उत्तरं येतात: "टाकी रिकामी झाल्यावर." "हौदात पाणी असेल तर." मग एखादी म्हणते, "पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवून बागेला पाणी सोडायचं असेल तर टाकी भरलेली असली तरी लावावी लागते." हे सगळं घ्या आणि वाक्य नीट बांधा:

हौदात पाणी असेल, आणि टाकी भरलेली नसेल किंवा हाताचा खटका दाबलेला असेल, तर मोटर चालावी.

अक्षरं ठरवा. ह = १ म्हणजे हौदात पाणी आहे. ट = १ म्हणजे टाकी भरली आहे. ख = १ म्हणजे हाताचा खटका चालू आहे. म = १ म्हणजे मोटर चालू.

तीन अक्षरं म्हणजे आठ ओळी. ओळी कशाही क्रमाने लिहू देऊ नका. ०, ०, ० पासून सुरू करून उजवीकडचं अक्षर प्रत्येक ओळीला बदलतं, मधलं दोन ओळींनी, डावीकडचं चार ओळींनी. हा क्रम धरला की एकही ओळ सुटत नाही.

| ह | ट | ख | म |
|---|---|---|---|
| ० | ० | ० | ० |
| ० | ० | १ | ० |
| ० | १ | ० | ० |
| ० | १ | १ | ० |
| १ | ० | ० | १ |
| १ | ० | १ | १ |
| १ | १ | ० | ० |
| १ | १ | १ | १ |

शेवटचा रकाना मुलांनी भरायचा, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून भरायची. "हौद कोरडा, टाकी रिकामी, खटका दाबलाय. मोटर?" इथे वर्गात दोन तट पडतात. कुणी म्हणतं खटका दाबला म्हणजे लागलीच पाहिजे. तेव्हा कोरड्या हौदावर मोटर चालवली तर काय होतं ते सांगा: पंपातलं सील पाण्यानेच थंड राहतं, पाणी नसेल तर ते तापून जातं. म्हणजे खटक्याचं म्हणणं फक्त टाकीपुरतं ऐकायचं, हौदाच्या वरचढ त्याला होऊ द्यायचं नाही. टेबल भरणं म्हणजे हा निर्णय घेणं. मला वाटतं लॉजिकचा खरा अभ्यास इथेच होतो. पुढचं सगळं लिखाणकाम.

टेबलावरून राशी

गुणाकाराचं चिन्ह अँडसाठी, अधिक ऑरसाठी. नॉटसाठी पुस्तकात अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते, मी इथे अक्षरापुढे ′ अशी खूण करते. आधी नॉट, मग गुणाकार, मग बेरीज, कंस असेल तर कंस पहिला. शाळेतल्या बीजगणिताचा क्रम तसाच चालतो.

म जिथे १ आहे त्या ओळी उचला. तीन आहेत. प्रत्येक ओळीत १ असलेलं अक्षर तसंच लिहा, ० असलेलं नॉट करून लिहा आणि ओळी अधिकने जोडा:

म = ह·ट′·ख′ + ह·ट′·ख + ह·ट·ख

ही राशी बरोबर आहे, फक्त लांब आहे. आता पहिल्या दोन ओळींकडे बघा. ह आणि ट′ दोघांत समान, ख फक्त बदललाय. म्हणजे ख काहीही असला तरी फरक पडत नाही. ख′ + ख नेहमी १, म्हणून दोन्ही मिळून ह·ट′. आता दुसरी आणि तिसरी ओळ: ह आणि ख समान, ट बदललाय. मिळून ह·ख. "पण दुसरी ओळ तर वापरून झाली!" हा प्रश्न हमखास येतो, आणि चांगला आहे. क + क = क हा नियम इथे कामाला येतो: एखादी ओळ दोनदा लिहिली तरी टेबल बदलत नाही, म्हणून ती पाहिजे तितक्या वेळा वापरता येते. राहिलं:

म = ह·ट′ + ह·ख = ह·(ट′ + ख)

हे आपलं सुरुवातीचं मराठी वाक्यच आहे, शब्दाला शब्द. ते मुलांच्या लक्षात येतं तेव्हा वर्गात थोडी कुजबुज होते. ती होऊ द्या, थोडं थांबा.

मग कंस पुसून टाका: ह·ट′ + ख. पुन्हा आठ ओळींचं टेबल करायला लावा. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत उत्तर १ येतं. हौद कोरडा आणि मोटर चालू. कंसाची किंमत किती, हे सांगायला एवढं पुरे. मी कंसावर वेगळं व्याख्यान देत नाही.

नियम शिकवताना माझा आग्रह एकच: प्रत्येक नियम मुलाने टेबलाने तपासल्याशिवाय वापरायचा नाही. क + १ = १, क·क′ = ०, क + क·ख = क ही छोटी माणसं लगेच ओळखीची होतात. क + ख·ग = (क + ख)·(क + ग) मात्र धक्का देतो, कारण शाळेतल्या बीजगणितात असं कधी होत नाही. आठ ओळी भरल्या की विश्वास बसतो. आणि एक सापळा मुद्दाम लावा: क + ख = क + ग असेल तर दोन्हीकडचा क काढून ख = ग म्हणता येईल का? मुलं हो म्हणतात. क = १, ख = ०, ग = १ घालून बघायला सांगा. इथे वजाबाकी नाही, म्हणून दोन्हीकडून काढून टाकणंही नाही.

डी मॉर्गन

या दोन नियमांवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते, कारण पुढे सगळीकडे तेच लागतात. ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईला जन्मला, लंडनला प्राध्यापक झाला. दिल्लीचे शिक्षक रामचंद्र यांचा गणितावरचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापला गेला, त्याला प्रस्तावना यानेच लिहिली. मुलांना हे ऐकून हा माणूस परका वाटेनासा होतो.

नियम असे: (क·ख)′ = क′ + ख′ आणि (क + ख)′ = क′·ख′. बहुतेक मुलं पहिल्यात (क·ख)′ म्हणजे क′·ख′ असं लिहितात. चूक दाखवायला त्यांना वाक्य द्या: "हौदात पाणी आहे आणि टाकीत जागा आहे, हे खोटं आहे." यावरून हौद कोरडाच आहे आणि टाकी भरलेलीच आहे, असं ठरतं का? नाही. दोन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी वाक्य खोटं पडतं. मग दोन्ही राशींची टेबलं शेजारी शेजारी ठेवा. चारपैकी दोन ओळींत फरक सापडतो, आणि त्या दोन ओळी नेमक्या 'एकच बिघडलं' याच असतात.

आता आयसी

आयसीच्या एका टोकाला खाच असते. ती डावीकडे ठेवली की खालच्या रांगेतला पहिला पाय १ नंबर, तिथून उजवीकडे ७ पर्यंत, मग वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ८ ते १४. आपल्या पाचही आयसींत १४ ला सेलचा धन, ७ ला ऋण. आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवायची, नाहीतर समोरासमोरचे पाय आतून जोडले जातात.

०८, ३२, ०० आणि ८६ या चौघांत चार-चार गेट असतात आणि पायांची मांडणी एकच: १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट, ४ आणि ५ इनपुट, ६ आउटपुट, ९ आणि १० इनपुट, ८ आउटपुट, १२ आणि १३ इनपुट, ११ आउटपुट. म्हणून एक आयसी काढून त्याच जागी दुसरी बसवली की वायरी न हलवता गेट बदलतं. ही फार मोठी सोय आहे: एकच मांडणी, चार आयसी, मुलाने चार टेबलं भरायची आणि कुठली आयसी कुठली ते नंबर न बघता ओळखायचं. नॉरची (ऑरच्या उलट उत्तर देणाऱ्या गेटची) ७४एचसी०२ या खेळात घेऊ नका. तिचा १ नंबरचा पाय आउटपुट असतो आणि २, ३ इनपुट. ०४ मध्ये सहा नॉट असतात. १ इनपुट, २ आउटपुट, ३ इनपुट, ४ आउटपुट अशी सुरुवात.

प्रत्येक इनपुटाला धनाकडून एक स्विच आणि ऋणाकडे १० किलोओहम. आउटपुटाला १ किलोओहम आणि एलईडी, लांब पाय रेझिस्टरकडे. १४ आणि ७ यांच्यामध्ये, आयसीच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. न वापरलेल्या गेटांची इनपुटं ऋणाला बांधून टाका.

इनपुट मोकळं सोडलं तर काय होतं, हे मी मुद्दाम करून दाखवते. १० किलोओहमचा रेझिस्टर काढून टाकायचा आणि हात जवळ न्यायचा. एलईडी लुकलुकतो, कधी लागून राहतो, कधी विझतो. मुलं म्हणतात आयसी बिघडली. मग सांगा, वायर न जोडणं म्हणजे शून्य देणं नाही. मल्टिमीटरने मोजा: साडेचार व्होल्टवर एचसी आयसी ३.१५ व्होल्टच्या वरच्या दाबाला खात्रीने १ मानते आणि १.३५ च्या खालच्याला ०. मधल्या पट्ट्यात ती काय मानेल याची हमी कुणी देत नाही.

मोटरचं सर्किट आता सरळ आहे. ट ला ०४ मधून ट′ करा, तो आणि ख ३२ मध्ये घाला, आलेलं आणि ह ०८ मध्ये. मोटरच्या जागी एलईडी. आठ ओळी एकेक करून तपासा आणि वहीतल्या टेबलावर बरोबरची खूण करा. आणि हे ठासून सांगा की हे सर्किट २३० व्होल्टच्या मोटरला नेऊन जोडायचं नाही; त्यासाठी रिले, काँटॅक्टर (मोटरसारख्या मोठ्या भाराचा रिले) आणि जाणकार वायरमन लागतो.

एक गोष्ट खटकली पाहिजे: तीन आयसी बसवल्या आणि प्रत्येकातलं एकेकच गेट वापरलं. बाकीची गेटं रिकामी. आता डी मॉर्गनला बोलवा. ट′ + ख हे (ट·ख′)′ आहे, म्हणजे ट आणि ख′ यांचं नँड (अँड करून त्यावर नॉट). ख′ हवा असेल तर नँडच्या दोन्ही इनपुटांना ख जोडा. मग ह बरोबर नँड, आणि त्याच्या आउटपुटाला पुन्हा दोन्ही इनपुटं एक करून नँड. मोजा: ख′ साठी एक, ट·ख′ साठी दुसरं, ह साठी तिसरं, उलटं सरळ करायला चौथं. ७४एचसी०० मध्ये गेट चारच असतात. तीन आयसींचं काम एका आयसीत, एकही गेट वाया न जाता. मुलांनी स्वतः वायरी बदलून तीच आठ ओळींची परीक्षा पास केली की डी मॉर्गन कशाला शिकायचा, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

एक्सऑरसाठी जिन्याचा दिवा घ्या. खाली एक टू-वे स्विच, वर एक. कुठलाही एक बदलला की दिव्याची स्थिती बदलते. चार ओळींचं टेबल, राशी क·ख′ + क′·ख. वायरमनने दोन तारा उलट लावल्या तर एक्सनॉर (एक्सऑरचं उलट) होतं आणि घरच्यांना काही कळतही नाही. ज्याच्या घरी असा जिना आहे त्याने दोन्ही स्विच खाली करून बघून यायचं आणि आपल्याकडे कुठलं आहे ते सांगायचं.

तुटलेली वायर

ज्या मुलांनी इथवरचं पचवलं त्यांना हा प्रश्न द्या. ट = १ म्हणजे 'टाकी भरली' असं आपण धरलं. गच्चीवरच्या सेन्सरची वायर उंदराने तोडली तर इनपुटावर १० किलोओहममुळे ० येणार. सर्किट समजणार टाकी रिकामी आहे. मोटर चालत राहणार, पाणी गच्चीवरून वाहणार. आता अक्षराचा अर्थच बदलू: ज = १ म्हणजे 'टाकीत जागा आहे'. वायर तुटली की ज = ०, मोटर थांबणार. राशीही सोपी होते, म = ह·(ज + ख), नॉट गेलंच. १ कशाला म्हणायचं हा नुसता लिहिण्याच्या सोयीचा प्रश्न नाही. हौदाच्या बाबतीत आपण 'पाणी आहे' ला १ म्हटलं ते याच कारणाने बरोबर पडलं: ती वायर तुटली तरी मोटर बंदच होते.

स्टार्टर

शेतकऱ्यांच्या मुलांना विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी रोजच्या ओळखीची असते. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटर चालू राहते, लाल दाबलं की थांबते. बोट काढल्यावर हिरवं बटण तर ० झालं, मग मोटर कुणाच्या सांगण्यावर चालते? हा प्रश्न विचारून शांत बसा.

उत्तर पेटीत आहे. काँटॅक्टर ओढला गेला की त्याच्याबरोबर एक छोटा जादा काँटॅक्ट मिटतो आणि तो हिरव्या बटणाला समांतर असतो. म्हणजे:

म = (हि + म)·ला′

उजवीकडचा म म्हणजे आत्ताची स्थिती, डावीकडचा म्हणजे लगेच पुढची. हि आणि ला दोन्ही ० असतील तर म = म: जे होतं तेच राहतं. इथे टेबलात मोटरची आधीची स्थितीही एक रकाना म्हणून घ्यावी लागते. वीज गेली की म शून्य होतो आणि वीज परत आली तरी शून्यच राहतो, म्हणून मोटर आपोआप लागत नाही. दोन्ही बटणं एकदम दाबली तर काय, हे टेबलाला विचारा: ला′ शून्य, म शून्य, बंद करणारा जिंकतो. खऱ्या पेटीत लाल बटणाचा काँटॅक्ट एरवी मिटलेला असतो आणि दाबल्यावर उघडतो, म्हणजे ला′ तिथे वायरिंगनेच झालेला असतो आणि त्याची तार तुटली तर मोटर बंद पडते.

ब्रेडबोर्डवर हे करायला एक ऑर, एक अँड, एक नॉट आणि आउटपुटावरून ऑरच्या इनपुटाकडे परत नेलेली एक वायर एवढं पुरे. त्या इनपुटाला १० किलोओहम लावायचा नाही, तिथे आउटपुटच बोलतं. सेल जोडल्यावर आधी लाल बटण दाबून घ्या, म्हणजे सुरुवात ठरलेल्या स्थितीपासून होते.

मग शेवटचा गृहपाठ. आपल्या टाकीच्या सर्किटात एक खोट उरली आहे: पाणी सेन्सरच्या पातळीला आलं की मोटर बंद, कुणी तांब्याभर पाणी घेतलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. यावर उपाय दोन सेन्सर. त = १ म्हणजे तळाजवळचा सेन्सर पाण्यात आहे, व = १ म्हणजे वरचा सेन्सर पाण्यात आहे. तळाचा उघडा पडला की मोटर लागावी आणि वरचा भिजेपर्यंत चालावी. हौद कोरडा पडला तर कधीही थांबावी. मुलांनी राशी स्वतः काढायची. स्टार्टर समजला असेल तर म = (त′ + म)·व′·ह इथे ती पोचतातच, आणि ती बसवायला लागणारी दोन नॉट, एक ऑर आणि दोन अँड समोरच्या आयसींत आहेत. तपासताना एका ओळीवर बोट ठेवा: त = ०, व = १. वरचा भिजलाय आणि खालचा कोरडा. पाण्याने असं होणं शक्य नाही, म्हणजे तळाचा सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे. अशा वेळी सर्किट मोटर चालवतं की थांबवतं, आणि ते आपल्याला चालेल का, हे प्रत्येकाने वहीत कारणासकट लिहून आणायचं.